पोवळ्याचा वास

ट्रॉय, जून १९८६

कांचनच्या होणाऱ्या सासूबाई, सुचित्राबाईंना नमस्कार.

बोलतेय मी, लिहितेय माझी सून, कांचनची आई.

तुम्ही अट घातलीत, मुलीला मंगळ आहे, पोवळ्याची अंगठी घातल्याशिवाय लग्न नाही. आमची कांचन फ्लोरिडाच्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत डाइव्हिंग करते, बोट तिच्या मागे फिरते. मीच म्हटलं, "खाली पोवळ्याचं रान आहे ना? आण तोडून."

वाहता वाहता तिने तपकिरी फांदी मोडली. घरी येईतो त्या फांदीला शेंबडासारखा चिकटा आणि कुजक्या मासळीची घाण सुटली.

"आजी, ते अलाइव्ह होतं!" पोर रडली.

शी! तुमच्या अटीची किळस आली, माझ्या जिभेचीही. अंगठी ती घालणार नाही. लग्न राहिलं तर राहू दे.

सून म्हणते, "सासूबाई, हे पोस्टात टाकायचं नाही." नाही टाकत. तुमचा फोन आला की तोंडीच सांगेन. मला कुठे लिहिता येतं!

अंगठा माझाच,
कांचनची आजी