आईची पिशवी आणि अण्णांचा रुमाल

तीर्थस्वरूप पुष्पामावशी,

सोनईच्या ओंकारचा वाकून नमस्कार. माझं आयुष्य ज्या क्षणी बदललं तो क्षण आधी सांगून टाकतो. नगरच्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर बसा, आणि दार लावून घ्या.’ (त्याची हकीकत खाली येईलच. आधी रीत पाळतो.) तुझा गुडघा कसा आहे? काकांची ॲसिडिटी? तांबडी गाय व्याली का? तुम्ही सगळे बरेच असाल, कारण बरे नसता तर एव्हाना अर्ध्या जिल्ह्याला तुझा फोन आला असता. त्यावरून आठवलं. फोन सोडून मी पत्र का लिहितोय, तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. तुला सांगितलेली गोष्ट तुझ्या सासूबाई, जावा आणि ओट्यावर बसलेली माणसं एकदमच ऐकतात. आईने बजावलंय की ही गोष्ट पुष्पीच्या कानावर जाऊ दे, तुमच्या अख्ख्या कोल्हारच्या नको. म्हणून पाकीट डिंकाने चिकटवून तुमच्या गल्लीतल्या गोरक्षच्या हाती देणार आहे. तो संध्याकाळी दुधाचा टेम्पो रिकामा करून परत निघतो. पाकीट उघडलेलं दिसलं तर मला कळव, त्याच्याकडे बघून घेईन.

घाबरू नकोस. आई इथं नगरच्या दवाखान्यात समोरच्या पलंगावर बसून उकडलेल्या शेंगा खातेय आणि टरफलं माझ्या पिशवीत टाकतेय. परवा सकाळी तिचं ऑपरेशन आहे. गर्भाची पिशवी काढायची आहे. आता नीट पहिल्यापासून सांगतो.

वर्षभर आईला अंगावरून फार जात होतं. (हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय. आमच्या घरी असलं कुणी बोलत नाही. आई म्हणायची ‘कंबर धरलीय’, आणि मी इमानदारीत कंबरेचा बाम आणून द्यायचो. घरात बामाच्या इतक्या डब्या झाल्यात की दुकान टाकता येईल.) शेवटी एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला नगरला आणली. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्टच्या दिवशी मी तिच्यासोबत आत गेलो. घरातला शिकलेला माणूस मीच (दुसऱ्या वर्षाच्या निम्म्यापर्यंत का होईना). डॉक्टरबाई आईला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होतो. भूक लागते का, लागते. झोप येते का, येते. मग त्यांनी पाळीचं विचारलं, आणि मी फाइल उघडून त्यात शोधू लागलो. तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं. मी बाहेर आलो आणि दार असं काही लावलं की वरची नावाची पाटी एका खिळ्यावर लोंबायला लागली.

आता मावशी, पाटी लोंबली याचं मला काही वाटलं नसतं. पण समोरच्या काउंटरवर मोनिका बसली होती. मोनिका म्हणजे कोण हे तुला माहीत नाही, कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही (आमची गल्ली, कॉलेजचं कँटीन आणि घोडेगावच्या बाजारातले चार-दोन जण सोडून). ती माझ्या वर्गात होती. मी कॉलेज सोडलं ते तिच्यापायीच. प्रॅक्टिकलला सरांनी तिला उभं केलं, मला तो अपमान वाटला, मी बाकावर चढून सरांना काय बोलायचं ते बोललो आणि पुन्हा त्या फाटकात पाय ठेवला नाही. पुढे कळलं की उत्तर येत होतं म्हणून ती स्वतःच उभी राहिली होती. ती पास झाली आणि या दवाखान्यात लागली. आणि मी अण्णांसोबत म्हशींच्या बाजारात शिंगांना रंग लावतो. त्या दिवशी तिने स्टूल आणलं, वर चढून पाटी सरळ केली आणि म्हणाली, “ओंकार, इथं पेशंट तू न्हाईस. आवाज खाली.” मावशी, एवढ्या प्रेमाने माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काही सांगत नव्हता. म्हणाली, भेळ खाऊ. स्टँडसमोरच्या गाड्यावर उभ्या उभ्या भेळ खाताना तिने मला सांगितलं. कॅन्सर न्हाई, पण पिशवीच्या आतल्या पेशी त्या वाटेला लागल्यात. वाटेवर कुठवर गेल्यात ते वरून पक्कं सांगता येत न्हाई, कधी कधी काढल्यावरच आतलं कळतं. डॉक्टरबाईंच्या मते या वयात काढलेली बरी. नसेल काढायची तर गोळ्या घ्यायच्या आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा. पण त्यात जीव टांगणीला राहतो. आठ दिवसांत सांगा म्हणाल्या. एवढं बोलून तिने भेळवाल्याकडून जास्तीची कैरी मागून घेतली. मी मात्र भेळ तशीच टाकली आणि रात्रभर मोबाईलवर त्या रोगाची माहिती वाचली. पहाटेपर्यंत त्यातली बरीच लक्षणं मला स्वतःलाच दिसायला लागली (मला पिशवी नाही हे माहीत असूनही).

आईला निर्णय अवघड का गेला ते तुला मी सांगायला नको, पण काका वाचतील म्हणून लिहितो. आमच्या गल्लीत चाळिशीच्या पुढची पिशवीवाली बाई शोधावी लागते. जरा पोटात दुखलं, पांढरं गेलं, की कुणीतरी कॅन्सर होईल म्हणून भेव घालायचा आणि बाई मोकळी होऊन यायची. शेजारच्या छबूबाईंची तर तिशीच्या आत काढली. तेव्हापासून त्यांची हाडं कुरकुरतात. आईलाही मागे एका डॉक्टरने असंच सांगितलं होतं. तिने काहीएक कारण दिसत नाही म्हणून सरळ नाही म्हटलं आणि चालत घरी आली. तेव्हापासून गल्लीत ती ‘नाही म्हणणारी’ म्हणून ओळखली जाते. लग्न झालेल्या पोरी पदराखाली फाइल लपवून आमच्याकडे येतात, आई त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते, आणि बऱ्याच जणींच्या पिशव्या आहेत तिथं राहतात. आता त्याच बाईने उठून पिशवी काढायला जायचं, म्हणजे पुढाऱ्याने पक्ष बदलण्यासारखं झालं. तिला सुरीचं भेव नव्हतं, गल्लीतल्या बायकांच्या नजरेचं होतं.

इकडे अण्णांनी काय केलं, तर बायकोचा रिपोर्ट सदऱ्याच्या आत घालून घोडेगावला वैजनाथ डॉक्टरांकडे गेले. वैजनाथ डॉक्टर गुरांचे. पण अण्णांचा विश्वास म्हणशील तर जगात तेवढ्या एकाच डॉक्टरवर आहे (चंद्री म्हैस त्यांनी दोनदा वाचवली). मी बरोबर होतो, मला जमिनीत शिरावंसं वाटलं. डॉक्टरांनी चष्मा पुसून सगळा रिपोर्ट वाचला, घडी घालून अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाले, “राधाकृष्णराव, म्हैस बोलत नाही म्हणून मला तिच्या वतीने ठरवावं लागतं. वहिनी बोलतात. त्यांना विचारलं का?” अण्णा त्यांच्या टेबलावरच्या इंजेक्शनकडे बघत म्हणाले, “त्ये न्हाई इचारलं.” अण्णांना बाजारात शंभर माणसांत ओरडता येतं. आईशी असल्या विषयावर कसं बोलायचं हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग रविवारी छबूबाई आल्या आणि आईचा हात हातात घेऊन हळूच विचारू लागल्या, नगरला कशापायी गेल्ता? मला वाटलं, सुरू झालं. मी अंगणात येऊन ओरडलो की पिशवी आमच्या आईची आहे, ग्रामपंचायतीची नाही, काढायची का ठेवायची ते आमचं आम्ही बघू. मावशी, छबूबाईंना त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं. त्या गुडघ्याच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला आल्या होत्या. आता त्यांनाही कळलं, आणि चार घरं पलीकडच्या पिठाच्या गिरणीतही कळलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःच जाऊन म्हशींना पेंड घातली.

संध्याकाळी ओट्यावर गर्दी. काढा म्हणणारे एकीकडे, काढू नका म्हणणारे दुसरीकडे, काढ्यावर बरं होतं म्हणणारे चुलते मधोमध. मी उठून गोळ्यांची बाजू मांडली. लई शास्त्रशुद्ध बोललो. पेशी, हार्मोन, नियमित तपासणी. दर तीन महिन्यांनी नगरला न्यायची जबाबदारी माझी, असंही छातीवर हात मारून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “दर तीन महिन्याला त्या काउंटरवरच्या पोरीला बघायला मिळावं म्हनून म्या पिशवी ठेवू व्हय रं?” ओटा असा हसला की गिरणीवाल्याने पट्टा बंद करून काय झालं म्हणून विचारलं. मी खाली बसलो.

हसणं थांबलं आणि पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. तेव्हा अण्णा उठले. खांद्यावरचा मोठा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि रुमालाखालचा हात आईपुढे केला. मावशी, बाजार तू बघितलेला आहेस, पण काकांना सांग. म्हशीचा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून बोलायचं, आणि रुमाल पडलेला असेतोवर बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्या ओट्यावरची निम्मी माणसं बाजारातलीच. रुमाल दिसला आणि एकेक करून सगळी गप्प झाली. काढेवाले चुलतेसुद्धा. आईने सुपातला खडा बाजूला ठेवला, हात पदराला पुसला आणि रुमालाखाली घातला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. रुमाल मधेच हलायचा, मग थांबायचा. एकदा आई मान खाली घालून हसली. एकदा अण्णांनी डोळे मिटून घेतले. बाजारात एवढा वेळ कुणी हात धरून ठेवला असता तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. मग अण्णांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “ठरलं. आता ती सांगंल.”

आई म्हणाली, “काढायची. ह्ये म्हनत्यात म्हनून न्हाई आन तुमी म्हनता म्हनून बी न्हाई. मागं माजी पिशवी धड हुती, तवा न्हाई म्हनले. आता धड न्हाई, तर व्हय म्हनते. दोन्ही येळंला मीच म्हनले.” मला वाटलं आता छबूबाई टोमणा मारणार, आणि मी मुठी आवळून तयारच होतो. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “तुला इचारलं तरी, बाई. मला कुटं कुणी इचारलं हुतं.” माझ्या मुठी तशाच राहिल्या. त्यांचं काय करायचं ते मला कळेना. मग आईने त्यांना चहाला थांबवलं आणि दोघी आत गेल्या.

रुमालाखाली काय बोलणं झालं ते मी नंतर आईला विचारलं. म्हणाली, रुमालाखालचं बाहेर सांगत्यात व्हय, बाजारात इतकी वर्सं काय शिकलास. आता आम्ही इथं आहोत. तपासण्या झाल्या, रक्त बरं आहे, भूलवाले डॉक्टर बघून गेले. काढलेली पिशवी तपासल्यावर पुढचं कळेल. पण आई इतकी निवांत आहे की शेजारच्या पलंगावरच्या बाईला उन्हाळ्यात म्हशीचं दूध कसं टिकवायचं ते शिकवतेय. मीही आजवर इथं कुणाशी भांडलेलो नाही (लिफ्टवाला सोडून, आणि त्याची चूक होती).

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीत एकेक धपाटा.

तुझा,
ओंकार

ता. क. आई म्हणते, पुष्पीला लिही, गुडघा दुखतोय तर धावपळ करून यायची काही गरज न्हाई. सकाळपासून तिने कोल्हारहून पहिली एसटी किती वाजता पोचते ते मला तीनदा विचारलंय. म्हणजे ये. तेल आण, ऑपरेशनच्या आधी डोकं तुझ्याकडूनच विंचरून घ्यायचं तिच्या मनात आहे. आणि महिनाभराचे कपडे आण. तिला पुढे कित्येक दिवस बादलीसुद्धा उचलायची नाही, आणि माझ्या हातची भाकरी आजवर फक्त चंद्रीने खाल्लीय. पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरं. मोनिका ड्युटी संपल्यावर आईला बघायला आली होती. आईने मला शहाळं आणायला पाठवलं. परत आलो तर दोघी हसत होत्या, मला बघून थांबल्या. आई म्हणते, पोरगी म्हणाली, त्याला आधी कॉलेज पुरं करू दे. मी म्हटलं, आधी म्हणजे कशाच्या आधी? त्यावर आईने शेंगा पुढे केल्या. मोनिकाचा मामा तुमच्या कोल्हारचा आहे असं ऐकतो. तू अजून कुणाशी काही बोलू नकोस. स्पीकर बंद करूनसुद्धा नको.

ता. क. शेवटचं. अण्णा आत्ता आले. बाजाराचा दिवस असून बाजार सोडून आले, अंगाला अजून म्हशीचा वास आहे. पलंगाच्या कडेला बसलेत. आता खांद्यावरचा रुमाल काढला. आईने शेंगा बाजूला ठेवल्या आणि हात पुसला. मला कुणी बाहेर जा म्हटलेलं नाही. मी पाकीट घेऊन उठतो, आणि दार हळू लावून घेतो.