शैलावन्संना, चर्चमधल्या उपवासाबद्दल

इंगोलश्टाट,
ईस्टरनंतरचा शनिवार

तीर्थस्वरूप शैलावन्संना लीलाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून साष्टांग फक्त कागदावर जमतो, तेवढा गोड मानून घ्या).

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या धाकट्या बंधुराजांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, आवाज मात्र नाही. तुमचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की 'करते' असं डॉक्टरांना सांगता? फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मागच्या खेपेला मी हॅलो म्हणाले, तुम्ही "लीला, बाटलीस की काय तू?" असं विचारलंत आणि पुढे अर्धा तास मी नुसते हुंकार भरत होते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, त्यामुळे या वेळी माझी बाजू पूर्ण ऐकावी लागेल.

सगळा घोळ त्या फोटोने घातला. आमची नात केया हायडेलबर्गहून सुट्टीला आली होती, तिने तो कोणाला न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकला. फोटोत मी, हातात डाव, मागे भिंतीवर लाकडी क्रूस आणि माझ्या कपाळाला काळं काहीतरी. वन्सं, तो अंगारा होता. यांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो (त्याला लेंट म्हणतात, आणि त्यात रविवार मोजत नाहीत, उपवासात पळवाट काढायची कला आपल्याच लोकांना येते असा माझा आजवर समज होता), त्या पहिल्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला राख लावून सांगतात की तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस. मला त्यात नवीन काय? माझी आई दर गुरुवारी अंगारा लावायची आणि सगळ्याची माती केलीस हे तर रोजच ऐकवायची. फरक एवढाच की आपलं भस्म नुसतं आडवं असतं, यांचं आडवं आणि उभं. आपला गणपती कपाटातल्या देव्हाऱ्यात जागच्या जागी आहे, आरती रोज होते, आणि चर्चमध्ये प्रसादाची वेळ येते तेव्हा मी छातीवर हात दुमडून पुढे जाते, म्हणजे मला नुसता आशीर्वाद मिळतो. तेव्हा बाटण्याचा विषय इथे संपला.

मुळात मी तिथे गेले ती नीनामुळे. नीना आमची शेजारीण, अमेरिकन, तिचा नवरा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आहे. गुडघ्याच्या व्यायामासाठी ती मला गाडीतून न्यायची. एका रविवारी आम्ही सहज फिरायला निघालो होतो, तर म्हणाली, वाटेत चर्चमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. वन्सं, देवाच्या दारातलं काम दहा मिनिटांत कधी उरकलंय का? हे चर्च एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं अमेरिकेत वाढलेलं भावंड, एवढं नीनाने मला समजावलं आणि एवढंच मला समजलं. त्यांची स्वतःची इमारत नाही. जर्मन मंडळींचं (त्यांच्या भाषेत गेमाइंडेचं) चर्च सकाळी आटोपलं की रविवारी चार वाजता यांना मिळतं. जाताना सगळं होतं तसं लावून द्यायचं, मंगल कार्यालय संध्याकाळी रिकामं करून द्यावं तसं. पुजारी म्हणाल तर बाई आहेत, रेव्हरंड हॅरिएट, साठीच्या, बारीक कापलेले पांढरे केस. म्युनिकहून ट्रेनने येतात आणि पाठीवरच्या पिशवीतून पूजेचा झगा काढून दोन झटक्यांत चढवतात. आमच्याकडे सत्यनारायणाला गुरुजी मिळत नाहीत म्हणून तुमचे बंधुराज यूट्यूब लावतात, आणि त्यातही मध्ये जाहिरात येते. इथे एक बाई सगळं यथासांग करते हे पाहून मला खरं सांगायचं तर हेवा वाटला.

मला तिथे काय आवडलं ते सांगू? काम. एकजण खुर्च्या मांडतो, एकजण फुलं आणतो, कोणी मेणबत्त्या, कोणी पुस्तकं, कोणी कॉफी. आणि एखाद्या रविवारी आलं नाही तर पुढच्या रविवारी विचारतात की तब्येत बरी आहे ना. या गावात तीस वर्षं काढली, पण मला न दिसल्याची चौकशी केली ती फक्त लायब्ररीने, तीही पुस्तक परत केलं नव्हतं म्हणून. मध्येच एकदा सगळे उठून एकमेकांशी हात मिळवतात आणि शांती असो म्हणतात. मी सवयीने नमस्कार केला. आता अर्धं चर्च मला नमस्कार करतं, आणि मी तेवढ्यात हात पुढे केलेला असतो. तुमचे बंधुराज आधी गाडीत बसून राहायचे. थंडी वाढली तसे दारापर्यंत आले, मग आत आले, आणि आता टेप घेऊन दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजतात. रिटायर झालेल्या इंजिनिअरला मोजायला काहीतरी लागतं.

पण डिसेंबरापासून माणसं गळायला लागली. इथे इंग्रजीत देवाला भेटायला येणारे बहुतेक नोकरीनिमित्त आलेले. कंपनीने बदली केली की देवाचाही पत्ता बदलतो. जानेवारीत रेव्हरंडबाई धरून आम्ही अकराजण उरलो. तेवढ्यात गेमाइंडेचं पत्र आलं (इथे बघू, करू असं कोणी म्हणत नाही, सरळ पत्र पाठवतात): बुधवारी चर्चशेजारचा हॉलही तुम्हाला दिलेला आहे, तो तुम्ही फारसा वापरत नाही, योगवर्गाला तो हवा आहे, आणि एवढ्याशा मंडळींना रविवारीही चर्च लागतं का, ते ईस्टरनंतर ठरवू. वन्सं, माझी एवढी एक जागा जाणार, आणि तीही योगासाठी. मी त्या रात्री जेवले नाही, आणि तो उपवास नव्हता.

पुढच्या रविवारी रेव्हरंडबाईंनी विचारलं की लेंटच्या बुधवारी हॉलमध्ये उपवासाचं साधं जेवण ठेवू या, करायला कोण तयार आहे? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. वाढायला कोणी उठत नाही आणि पंगत खोळंबली आहे, हे मला कधीच सहन झालेलं नाही. मी करते म्हणाले. बाई म्हणाल्या, अगदी साधं करा हं, उपवास आहे. मी म्हटलं, उपवास? तो माझ्यावर सोडा.

नंतर कळलं की दरवर्षी नीना भाजीचं पातळ सूप आणि ब्रेड ठेवत असे. ते मला कोणी आधी सांगितलं नाही. मी आपला रीतसर उपवास केला: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर, लिंबाचं लोणचं आणि तोंड गोड करायला राजगिऱ्याचे लाडू. (दाण्याचं कूट आहे अशी मोठी पाटी नीनाने दारातच लावली, इथे शेंगदाण्याला विंचवासारखं भितात.) रेव्हरंडबाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या आणि हळूच म्हणाल्या, लीला, हा उपवास आहे? मी म्हटलं, कडक आहे. गहू नाही, भात नाही, कांदा नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. मिरची चालते, हळद चालत नाही. त्यांनी विचारलं, हे कोणी ठरवलं? मी म्हटलं, सासूबाईंनी. असल्या प्रश्नांवर त्यांच्याकडे म्हणे बिशप लोकांच्या मोठमोठ्या सभा भरल्या, वर्षानुवर्षं वाद चालले. तुमच्या आईंनी ओट्यापाशी उभ्या उभ्या निकाल दिला होता. बाईंनी दोनदा वाढून घेतलं. मग मी त्यांना 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण शिकवली, तर त्यांनी ती रविवारच्या प्रवचनात घातली, आणि आपण उपवास करतो की उपवासाचं कौतुक, असं सगळ्यांना विचारलं. मला वाटलं, आता माझा हिशेब होणार. पण पुढच्या बुधवारी दुप्पट माणसं आली.

त्यात हेर (म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) ब्रांडल होता. हा गेमाइंडेचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीच्या किल्ल्या, खिडक्या आणि नियम यांचा मालक. तुपात जिरं तडतडलं तेव्हा तो धूर झालाय म्हणून धावत आला. मी त्याच्यापुढे ताट केलं. तो 'नाइन', म्हणजे नको, म्हणाला, मी वाढलं. तो म्हणाला, आमच्याकडे नाइन म्हणजे नाइन. मग मी नीनाला मध्ये घातलं (माझं जर्मन बाजारहाटापुरतं पक्कं आहे, आग्रहापुरतं नाही) आणि त्याला समजावलं: आमच्याकडे पहिलं नको ही रीत असते, दुसरं नको हा संकोच असतो, तिसरं नको खरं असतं, पण तरीही अर्धा डाव वाढायचाच, नाहीतर पाहुणा घरी जाऊन म्हणतो की फारसा आग्रह झाला नाही. त्याने जरा विचार केला, 'आल्झो' (म्हणजे 'असं होय, बरं तर') म्हणाला आणि बसला. पुढच्या बुधवारी हीटिंग तपासायला म्हणून तो जेवणाच्या अर्धा तास आधीच हजर होता.

त्याने कुठे कुठे सांगितलं देव जाणे, पण जर्मन मंडळीही यायला लागली. समोरच्या इमारतीतल्या फ्राऊ लोरेंत्स आल्या. ऐंशीच्या आसपास, नेटक्या, गळ्यात मोत्यांची माळ, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्या तिसरा लाडू खात होत्या, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं की घरी काय करता जेवायला. त्या म्हणाल्या, "एकटीसाठी काय शिजवायचं? ब्रेडचा तुकडा खाते, आणि मुलाचा फोन आला की सांगते, माझा उपवास चालू आहे." माझ्या हातातला डाव हातातच राहिला. मला एका माणसाची आठवण झाली, पण ते पुढे बघू.

शेवटच्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या आणि बंधुराजांची सगळी मापं चुकली. योगाच्या बाईंनी आपला वर्ग गुरुवारी हलवला आहे, बुधवारी त्या जेवायला येतात. काल हॉल आवरायला सगळे जमलो होतो, तेव्हा गेमाइंडेचं पत्र आलं: रविवारचं चर्च आणि बुधवारचा हॉल, दोन्ही पुढच्या वर्षीही आमचेच, फक्त खिडकी उघडी ठेवावी. रेव्हरंडबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मी रडले, वन्सं. हेर ब्रांडलने मला टिश्यू दिला. मी नको म्हणाले, तरी त्याने दिलाच.

तर अशी आहे माझ्या बाटण्याची कथा. सर्वांना नमस्कार सांगा असं लिहिणार होते, पण घरात आता तुमच्याशिवाय कोणी नाही, तेव्हा सगळा नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची,
लीला

ता. क. इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी चार किलो साबुदाणा पाठवा. इथला संपला. पोस्टाने नको, पांढरे गोळे बघून कस्टमवाले घाबरतील. माणसानेच आणायला हवा.

ता. क. २. वर खिचडीबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. इथल्या आशियाई दुकानातला साबुदाणा निघाला भलताच. रात्रभर भिजवला तर सकाळी पातेल्याचं झाकण वर आलेलं. शिजल्यावर एकच गोळा झाला, तो मी सुरीने कापून वाढला. पूर्ण लेंटभर तसाच झाला. आता अख्ख्या चर्चचा समज आहे की साबुदाण्याची खिचडी हा केकचा प्रकार आहे, आणि तो माझ्या नणंदेने मला शिकवला. तुमची खिचडी कशी मोकळी होते ते मला ठाऊक आहे, पण तुमच्या नावाची इथे काय शोभा झाली आहे ते तुम्हालाही ठाऊक असावं.

ता. क. ३. परवा तुमच्या अनयचा बंगलोरहून फोन आला होता. म्हणाला, आई सोमवार करते, गुरुवार करते, शनिवार करते, चतुर्थी आणि एकादशी तर आहेतच. आता मंगळवारही धरलाय, पण कोणत्या देवाचा ते सांगत नाही. वन्सं, दीनानाथराव होते तेव्हा तुम्ही आषाढीलासुद्धा दुपारी चोरून शेव खायचात. मला फसवू नका. एकटीसाठी काय शिजवायचं, हे मी आता जर्मनमध्येसुद्धा ऐकलंय. उपवास करायचाच आहे ना, तर इकडे येऊन चारचौघांत करा. डाव हातात घेऊ नका, खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडा.

ता. क. ४. पुढच्या लेंटच्या बुधवारांवर तुमचं नाव लावून झालं आहे (इथे वर्षभर आधी ठरवतात). तुमच्या व्हिसासाठी गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनाही झाली. ते 'शायला' म्हणतात, देव समजून घेईल. व्हिसाचा अर्ज अजून केलेला नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ता. क. ५. तुम्ही नको म्हणाल हे मला माहीत आहे. पहिलं नको दीनानाथराव गेले तेव्हा म्हणालात, ती रीत झाली. दुसरं गेल्या दिवाळीत, तो संकोच झाला. आता तिसरं म्हणालात तर खरं धरीन, आणि तीन महिन्यांऐवजी दीडच महिन्यासाठी बोलावीन. अर्धा डाव तर वाढावाच लागतो.