खोडरबराची मोटार

आदरणीय साडूभाऊ,

तुम्ही वयाने मोठे म्हणून वाकून आणि नात्याने बरोबरीचे म्हणून ताठ, असा एकच नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? पथ्य पाळताय ना? (ताई तुम्हाला काय काय सुनावतात ते फोनवर आम्हालाही ऐकू येतं.) इकडे सगळे खुशाल. खुशाल कसले, माझे तर पाय जमिनीवर नाहीत! तुमची भाची शाश्वत नागरी रचना या विषयात पदव्युत्तर पदवीधर झाली, तीही पहिल्या वर्गात. मागे तुम्ही विचारलं होतंत, हे शिकून पोरगी करणार काय, कुंड्या लावणार? त्याचं सविस्तर उत्तर देतो. चहा घेऊन बसा.

शाश्वत म्हणजे आपल्याला पुरून नातवंडांनाही उरेल असं शहर. (हे माझं पाठ आहे.) शेवटच्या प्रकल्पाला तिने आमचीच गल्ली घेतली. गाड्यांना बंदी, मधोमध झाडं, पावसाचं पाणी जिरवायला चर, म्हाताऱ्यांना बाकं. त्याचं लाकडी मॉडेल महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. सगळी मदार शेवटच्या तोंडी परीक्षेवर. परीक्षकांना पटलं नाही, तर पोरीचं वर्ष वाया.

आता मी पडलो जन्माचा ड्राफ्ट्समन. नकाशात काही राहून गेलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. नोकरीत भल्याभल्या इंजिनियरांचे विसरलेले जिने मी काढून दिलेत. परीक्षेच्या दिवशी सकाळी मॉडेल निरखून पाहिलं, तर आमच्या फाटकासमोर आमची गाडीच नाही! म्हटलं, घाईत विसरली बिचारी. खोडरबर कोरला, आमच्या हिच्या नेलपॉलिशने रंगवला, टाचण्यांच्या डोक्यांची चाकं केली आणि गाडी फाटकासमोर पक्की चिकटवली. अगदी नंबरप्लेटसकट. लेकीला बोललो नाही. चांगल्या कामाचा गवगवा करू नये.

पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. परीक्षकबाई चष्मा कपाळावर चढवून मॉडेलवर वाकल्या आणि म्हणाल्या, "गल्ली गाड्यांना बंद म्हणतेस, मग ही कुणाची?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी राहून गेली नव्हती, काढून टाकली होती! (हिने असा चिमटा काढला की वळ अजून आहे.) लेकीने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या बाबांची आहे, मॅडम. प्रत्येक गल्लीत अशी एक गाडी हट्टाने उभी असतेच. तिचा मालक राजी होत नाही तोवर माझा आराखडा नुसता कागद. म्हणून आधी आठवड्यातून एकच दिवस गल्ली बंद ठेवायची, त्यांना बाकावर निवांत बसू द्यायचं आणि मग विचारायचं." बाई म्हणाल्या, इतकी मॉडेलं पाहिली, पण भांडखोर शेजाऱ्यासकट हे पहिलंच. साडूभाऊ, छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं! मला राहवेना. उभा राहिलो आणि जाहीर केलं, "मालक राजी आहे! गाडी उद्याच विकतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी पोर पोटी यायला पुण्याई लागते, आणि त्यातली निम्मी तरी माझी असणार.

ताईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाग्यवान साडू

ता. क. गाडी विकलेली नाही. तुमचं मागचं अंगण रिकामंच पडलेलं असतं, तिथे ठेवून घ्याल का? ताडपत्री मी आणतो. लेकीला सांगितलंय की लांबचं एक सज्जन गिऱ्हाईक मिळालं. ते सज्जन म्हणजे तुम्ही. तिचा फोन आला तर गुडघ्याबद्दल बोला, गाडीचं नाव काढू नका.

आणखी एक. गाडी वरून खुशाल पुसा, पण मागच्या सीटला फडकं लावू नका. बालवाडीत असताना लेकीने तिथे बॉलपेनने अख्खं शहर काढलंय. रस्ते, चौक, पूल, सगळं. घासून टाका म्हणून ही किती वेळा मागे लागली, पण माझा हात धजला नाही. तिची पहिली रचना आहे हो ती, कशी विकू? मात्र भाचीला कधी दाखवू नका. त्यात झाड एकही नाही, जिकडे तिकडे नुसत्या गाड्याच गाड्या.