चोंबडा माइक आणि बहिरा माइक

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. (तू मागितला नाहीस, पण वयानं मी मोठी, म्हणून देऊन ठेवते.) तुझी कंबर आता कशी आहे? डॉक्टरनं पट्टा बांधायला सांगितला होता तो तू नक्कीच बांधत नसशील. माझा उजवा गुडघा जागेवर आहे, डावा असून नसल्यासारखा. घरात बाकी सगळे खाऊनपिऊन ठणठणीत. तुझा मोबाईल दुरुस्तीला पडलाय आणि शुक्रवारशिवाय मिळत नाही असं नातीकडून कळलं. वाईट झालं. एकेकदा अशा गोष्टी बऱ्यासाठीही होतात म्हणा. हे पत्र गुरुवारपर्यंत तुझ्या हाती पडावं म्हणून मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे. चिरंजीवांच्या खिशात दिलेली पत्रं खिशासकट धुतली जातात. अक्षर लावून घे. तिसरीनंतर मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर अजून वाद आहे.

मागच्या पत्रात तू पुन्हा वहिनीचं काढलंस. आई गेल्यावर घर आवरताना तिची शिवणाची मोठी कात्री नाहीशी झाली, ती आपल्या भावाच्या बायकोनंच लांबवली, आणि म्हणून एकोणीस वर्षं तू तिच्याशी बोलत नाहीस, हे मला पाठ आहे. दर पत्रात लिहायची गरज नाही. तुमच्या भांडणात मी तेव्हाही पडले नाही, आताही पडत नाही. मला इथं माझे व्याप कमी नाहीत.

तर व्याप असा. आपली नात (माझी म्हणजे तुझीही, लाड करायच्या वेळी तरी) सध्या विमानतळाच्या ऑफिसात फोनवर बसते. लोकांच्या हरवलेल्या बॅगांच्या तक्रारी आठ तास ऐकते आणि घरी आल्यावर दोन तास कुणाशी बोलत नाही. तिला आता एक दुसरं काम मिळायची शक्यता आहे. पुस्तकं मोठ्यानं वाचायची, ती आवाजात साठवायची आणि कंपनीनं ती विकायची. वाचता येणाऱ्या माणसांना दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, याचे पैसे मिळतात. मला यात पहिल्यापासून काळंबेरं वाटलं. पण कंपनी खरी आहे, चिरंजीवांनी दोनदा खात्री केली. महिनाअखेरीच्या आत दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा. पसंत पडला तर एकदम बारा पुस्तकं, आणि बॅगा कायमच्या सुटल्या. नमुना घरीच करायचा, पण मोबाईलवर केलेला चालणार नाही, नीट माइक हवा. नीट माइकची किंमत ऐकून चिरंजीवांनी चष्मा काढून पुसला. मग पोरगी म्हणाली, परवडणारेही असतात आजी, फक्त निवडता यायला पाहिजेत. निवडायला मी बरोबर गेले. आयुष्यभर कापड बोटांत चुरगाळून पारखलंय, मला कोण फसवणार.

दुकान जिन्याखाली होतं. आत एक पोरगेला माणूस गळ्यात भलेमोठे हेडफोन अडकवून उभा. मी त्याचं नाव कानटोप्या ठेवलं. मी पहिल्यांदा माइक हातात घेऊन वजन बघितलं, मग टिचकी मारली. तेव्हा कानटोप्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या बाळालाच टिचकी मारली. मी विचारलं, स्वस्त का आहे, आत काय कमी घातलंय? तो म्हणाला, काही कमी नाही, नुसतं नाव मोठं नाही. असं बोलणाऱ्या दुकानदाराचा मला लगेच संशय येतो. मग पोरीनं विचारलं, हा कुठल्या बाजूचं ऐकतो? त्यावर ह्या गृहस्थानं काय करावं? खिशातलं पेन काढलं, बिलाच्या मागं एक बदाम काढला आणि हसून तिच्या हातात दिला. माझ्यासमोर. पत्त्यांमधला असतो तसा बदाम, अगदी नीट, खाली टोक काढून. मी तो कागद तिच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या, पदराला बांधला आणि त्याला विचारलं, घरी आईवडील आहेत का तुझ्या? तो म्हणाला आहेत. म्हटलं, त्यांना माहीत आहे का तू दुकानात काय काढतोस ते?

पोरगी खुर्चीवर बसून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. तो बदाम म्हणे माइकच्या ऐकण्याचा नकाशा. समोरचं सगळं ऐकू येतं, बाजूचं थोडं, पाठीमागचं काहीच नाही. तेवढी जागा रेघेनं वेढली की आकृती बदामासारखी होते. हे तिनं समजावलं आणि मी मान हलवली. पण कागद मी अजून सोडलेला नाही. नकाशा होता तर हसायचं कशाला?

शेवटी दोन निवडले. पंधरा दिवसांत एक परत करायचा, एक ठेवायचा. दोन्हींची किंमत सारखी, स्वभाव एकदम उलटे. पहिला गोरटेला, नाजूक, त्याला वेगळी वीज पाजावी लागते. तो सगळं ऐकतो. पोरीचा आवाज, तिचा श्वास, पान उलटल्याचा, घड्याळाचा, शेजारच्या खोलीतल्या नळाचा. त्याला मी चोंबडा म्हणते. दुसरा काळा, जाड मानेचा. त्याच्या तोंडाला तोंड लावून बोललात तरच ऐकतो, हातभर लांब गेलात की संबंध संपला. तो बहिरा. कानटोप्याचं म्हणणं, घरात गडबड असेल तर बहिरा घ्या, शांतता असेल तर चोंबडा, त्यात आवाज खुलतो. मी तिथंच म्हणाले, बहिरा घ्या. घरात ऐकणारे आधीच पुष्कळ आहेत.

आता तू म्हणशील मी संशयी. अगं, मला सांग, चोंबडा घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाई माझ्याशी गोड का बोलायला लागली? मी परीक्षाच घेतली. माइकजवळ खुर्ची ओढून बसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, माझ्या चारही बांगड्या मी समोरच्या शिंपिणीला देणार आहे. बस. संध्याकाळी सूनबाई तेलाची वाटी घेऊन माझे गुडघे चोळायला हजर. मी मनात म्हटलं, पकडली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वाक्यं टाकली, तर चहा बिछान्यात आला. तिसऱ्या दिवशी पोरीनं सांगितलं, की आजी, तो माइक अजून जोडलेलाच नाही, त्याची वायर उद्या येणार आहे. (सूनबाई गुडघा का चोळत होती याचा मला अद्याप उलगडा झालेला नाही. शोध चालू आहे.)

मग वायर आली. आपलं घर किती आवाज करतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. फ्रिज कण्हतो, लिफ्ट धापा टाकते, वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून दिवसभर एक टेबल या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेतात आणि परत आणतात. पोरगी प्रत्येक खोलीत जाऊन टाळ्या वाजवून बघत होती. टाळी घुमली की खोली नापास. मधली खोली त्यातल्या त्यात बरी निघाली, पण भिंतींना जाड काहीतरी टांगायला हवं होतं, आणि जाड काहीतरी म्हणजे माझ्या कपाटातल्या गोधड्या. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते, तुला ठाऊक आहे. पोरगी म्हणाली मी काढते, तू बस. मी म्हटलं, तूच बस. चार गोधड्या मी स्वतः काढून दिल्या, वरच्या खणातल्या.

आणखी एक भानगड. प, फ, भ म्हटलं की माइकवर वारा आदळतो आणि फटाक्यासारखा आवाज येतो. त्यासाठी समोर कापडाची चाळणी लावतात. दुकानातली घ्यायला निघाली होती, मी अडवलं. माझा मलमलीचा जुना दुपट्टा काढला, भरतकामाचं कडं घेतलं, खोलीचं दार लावून दुहेरी गोल कापला आणि ताणून बसवला. काय गोल आला म्हणून सांगू! एका दमात, कुठं धागा ओढला नाही, काठ वाटीनं काढल्यासारखा. सूनबाई दोनदा विचारून गेली, की सासूबाई, स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीनं एवढं साफ कसं कापलंत? मी म्हटलं, हात लागतो.

मग परवा पोरीनं दोन्ही माइकांवर एकच पान वाचलं. दार बंद, घरात चिडीचूप, फ्रिज बंद केलेला, चिरंजीवांना बाहेर हाकललेलं. मी माझ्या खोलीत कपाट आवरत होते. दोन दारं मध्ये. तोंडानं आपलं देवाचं काहीतरी पुटपुटत होते, सवय असते. दुपारी पोरीनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि फरक ऐक म्हणाली. बहिऱ्यात तिचा आवाज घोंगडी पांघरल्यासारखा, पण मागं काही नाही. मग चोंबडा लावला. त्यात ती अशी वाचत होती, जणू माझ्या कानाशी बसली आहे. आणि तिच्या मागं, लांब, विहिरीतून यावं तसं, मी.

पोरगी सहज म्हणाली, “मागं काहीतरी बडबडत होतीस बघ. मला नाही कळत. धाकट्या आजीला कळेल.”

“तिचा काय संबंध?”

“तिलाच दोन्ही पाठवलेत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिच्यासारखा कान कुणाचा नाही. ती म्हणेल तो ठेवायचा, दुसरा सोमवारी परत.”

तर असं आहे. शुक्रवारी मोबाईल हाती आला की तुला दोन आवाज ऐकायचे आहेत आणि पोरीला मत द्यायचं आहे. तुझ्या कानाबद्दल मला कधी शंका नव्हती. लोकांचं बोलणं ऐकायचा पगार घेणारी आपल्या घरात तू एकटीच. नीट ऐक, जपून राहा, पट्टा बांध. बाकी सर्व ठीक.

तुझी थोरली बहीण

ता. क. नीट ऐक असं वर लिहिलं आहे ते खोड. पहिला, म्हणजे चोंबड्यातला, आवाज ऐकायची काहीच गरज नाही. डोकं दुखतं त्यानं, माझं दोन दिवस दुखतंय. सरळ दुसऱ्याला मत दे. बहिरा मजबूत आहे, पडला तरी फुटत नाही, वीज खात नाही, आणि घरात एखाद्याला आपलं बोलणं खासगी ठेवायचं असतं. पहिला न ऐकताच पुसून टाक. मोठ्या बहिणीनं आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. (पोलक्याचं कापड घेतलं होतंस ते परत मागितलं होतं, ते धरू नको.)

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा वाफेवर धरून उघडलं. तू न ऐकता पुसणार नाहीस. पुसू नको म्हटलं असतं तर कदाचित पुसलं असतंस. मी देवाचं काही म्हणते यावरही तुझा विश्वास बसला नसेल; कधी म्हटलंय मी? दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा, आणि तू स्वतः सतरा वेळा मागं नेऊन ऐकण्यापेक्षा, मीच सांगते. मी म्हणत होते, “राहा इथं गुमान. धाकटीच्या हाती पडलीस तर जन्मभर कागद कापशील.” खालच्या खणातल्या गोधडीतून काढून मी ती लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवत होते. मलमल कशानं कापली हे तुला तिथंच कळलं असेल. वहिनीनं नव्हती घेतली. आई गेली त्याच आठवड्यात तू त्या कात्रीनं पुठ्ठा कापत होतीस, मी दारातून बघितलं. कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा! आईनं हयातीत एक कागद तिला लावू दिला नाही. त्याच दुपारी मी ती उचलली. दोन दिवसांनी सांगणार होते, तेवढ्यात तू वहिनीवर घसरलीस आणि मग सांगायला जागाच उरली नाही.

तिसरा ता. क. आत्ता पोरगी ऑफिसातून आली. आज एका बाईनं बॅगेसाठी तिला फोनवर रडवलं. तोंड धुतलं आणि मधल्या खोलीत जाऊन चोंबड्यासमोर वाचायला बसली. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. बहिऱ्यावर ती वाचते तेव्हा कुणीही वाचतंय असं वाटतं. चोंबड्यात ती वाचते. कंपनीत बसलेल्यांना कान असतील तर तोच आवाज घेतील. म्हणून वरचं सगळं रद्द. पहिल्याला मत दे आणि ते शुक्रवारीच दे, सोमवारी बहिरा परत करायचा आहे. नमुना करताना मी माझं तोंड बंद ठेवीन, पदर कोंबून बसेन. वहिनीला तूच फोन कर. एकोणीस वर्षं बोलली नाहीस, निदान आता विषय तरी आहे. माझ्या नावानं काय बोलायचं ते दोघी मिळून बोला. कात्री मागू नको. तू पुठ्ठा कापशील.