वेण्णाचं दुसरं बारसं

मेढा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता हिस चंद्राकाकीचे आशीर्वाद. वि. वि.

कागद बघून हसू नगंस. फोनवर सांगितलं असतं, पर तुझ्या काकांचा फोन कायम लाऊडवर, एकाला सांगितलं की निम्म्या मेढ्याला कळतंय. आधी खाली बस, पाणी पी, मग फुडं वाच.

तुझा भाऊ जित्ता हाय. काल दुपारी विश्वजीत, आपली सून प्रियदर्शनी आन त्येंची पोर वेण्णा, तिघंबी दारात येऊन हुबी ऱ्हायली. मी तांदूळ पाखडत हुते, सूप हातातनं गळालं. सहा वर्सं शिडाच्या बोटीतनं दुनिया हिंडली, मग जूनमदी बोट उलटी सापडली म्हणून कागद आला, भादव्यात आपण माहुलीच्या संगमावर दर्भाच्या बाहुल्या करून तिघांचं दहावं उरकलं, आन आता ही पिशव्या घिऊन दारात! तुझे काका आडवं आले. म्हणाले, ज्यांचं दहावं केलं त्यांना असंच उंबऱ्यातनं घेता येत न्हाई, आधी गुरुजींना बोलवा. मी म्हणलं गुरुजी उद्या येतील, भुका आज लागल्यात. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आन आत घेतली.

विश्वजीत सांगतो, वादळात बोट गेली, रबरी तराफ्यावर दिवस काढलं, मग मासेमारीच्या एका जहाजानं उचललं. त्या जहाजाचा धंदा चोरीचा, म्हणून सहा म्हैनं ते बंदराला लागलंच न्हाई आन ह्यांना कुणाला कळवूबी दिलं न्हाई. पर बंदराला लागल्यावर तरी फोन का केला न्हाईस, असं मी इचारलं तर पिशव्या उचलून आत गेला. लय वाळलाय. प्रियदर्शनीचं केस पार पांढरं झालंत.

वेण्णा गेली तवा चार वर्सांची हुती, आता धा वर्सांची. उन्हानं रापलीया. समद्यांच्या पाया पडली. हाक मारली की आधी बाजूला बगती, दुसरं कुणी ओ देतंय का म्हणून थांबल्यावानी, आन मग सवता ओ देती. दमली असंल.

तुझ्या डाळिंबाची तोड आटपली की निघ. तब्येतीला जप, एकटीसाठी काय रांधायचं म्हणून उपाशी झोपू नगंस.

तुझ्यावर माया हायच, ती कागदावर काय लिवायची.

तुझी,
चंद्राकाकी

❖

आटपाडी,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. काकींस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाली बसलेच होते, म्हणून पडले नाही. वेड्यासारखी हसले, मग रडले, मग शेजारच्या शाहजादीभाभींना जाऊन मिठीच मारली. त्यांना वाटलं मला लॉटरी लागली. म्हटलं, त्याहून मोठं. माझा भाऊ दर्यातून परत आला.

विश्वजीतशी फोनवर बोलले. आवाज त्याचाच, पण बोलणं तुटक. वेण्णाला दे म्हटलं तर म्हणाला, झोपली आहे. दुसऱ्या दिवशीही झोपली होती. काकी, त्या पोरीवर माझा किती जीव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मला मूल नाही, हे गेल्यावर तर घर खायला उठतं. ती जायच्या आधी उन्हाळाभर माझ्याकडे असायची. तिची झबली मी अजून कुणाला दिलेली नाहीत.

एक विचारते, रागावू नका. संगमावर तीन पिंड ठेवले होते. दोन पिंडांकडे कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही, शेवटी गुरुजींनी ते पाण्यात सोडले. एकाला मात्र कावळा ताबडतोब शिवला. मी तेव्हा पाण्याकडे तोंड करून रडत होते, कोणता ते पाहिलं नाही. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, असं तुम्हीच नेहमी म्हणता. तिघंही घरी आली असतील, तर तो शिवला कुणाच्या पिंडाला? शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई मी, हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण झोप लागत नाही. खरं काय ते कळवा.

नानासोकाकांना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
संयोगिता

❖

मेढा,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता हिस आशीर्वाद. वि. वि.

इचारलंस म्हणून सांगते. न इचारतीस तर पोटातच ठेवलं असतं.

पिंड मीच वळलं हुतं. दोन मोठं आन लेकरासाठी एक बारका. बारक्यात मी गुळाचा खडा घातला हुता. कावळा त्योच घिऊन उडाला. तवाच मी वळखलं की पोरगी गेली आन आईबाप हायत. तुला सांगाय जीभ उचलली न्हाई. म्हणून त्या दिशी तिघं दारात बगितल्यावर आनंद झाला, पर पोरीला मी निरखून बगत ऱ्हायले.

पोरगी भाकरी खाया बसली तवा डोक्याला तेल लावता लावता मी तिची हनवटी चाचपली. वेण्णा तीन वर्सांची असताना इळीवर पडली हुती, टाकं पडलं हुतं, तुझ्याच म्होरं. हिची हनवटी गुळगुळीत. मी काय बोलायच्या आधी पोरगीच म्हणाली की ती इळीवर पडली हुती, लय रगात आलं हुतं. मला वाटलं आईनं पढवलं असंल. पर मग म्हणाली, आजी, तू तिला देवळीतला गूळ चोरून द्यायचीस. संयोगिता, ते मला आन वेण्णाला सोडून कुणालाबी ठावं न्हाई. ह्यांनासुदिक न्हाई. तुला कुणी सांगितलं म्हणून इचारलं तर भाकरीचा अर्धा तुकडा ताटाच्या पल्याड सरकवला आन म्हणाली, ती सांगती.

प्रियदर्शनी चुलीपाशी बसली हुती. तिनं समदं ऐकलं. तिथंच तिचा बांध फुटला. वेण्णा तराफ्यावरच गेली. आईच्या मांडीवर. आईबापानंच तिला पाण्यात सोडलं. जहाजावर उचलून घेतलं तवा प्रियदर्शनी बोलायची बंद झाली हुती. त्या जहाजावर सैपाक्याची एक पोर हुती, बाप मरून गेल्यावर तिथंच ऱ्हायलेली, कुणाचीच न्हाई. ती आपणहून येऊन हिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. आन चार दिवसात मराठी बोलाय लागली. कुणी शिकवलं न्हाई, प्रियदर्शनीनं देवाची आन घिऊन सांगितलं. बंदरावर सायबानं, तराफ्यावरच्या पिशवीत वाचलेल्या पासपोर्टातला चार वर्सांच्या लेकराचा फोटू बगितला, हिच्याकडं बगितलं आन शिक्का मारला. फोन केला न्हाई त्यो ह्याच भ्यानं.

आता ह्यांनी गुरुजींना इचारलंय. दहावं झालेलं माणूस परत आलं तर नवा जल्म धरायचा, नाव पुन्यांदा ठेवायचं. नवराबायकोचं काय ते गुरुजी करतील. पोरीचं बारसं हाय, आन नाव आत्यानं ठेवायचं असतंय. पहिल्या बारशालाबी वेण्णा हे नाव तूच कानात सांगितलं हुतंस. ह्यांना, गुरुजींना ह्यातलं काय ठावं न्हाई. तुला यावं लागंल, आन काय नाव ठेवायचं ते तुला ठरवावं लागंल. मला इचारशील तर, मेलेल्या लेकराचं नाव जित्याला दिलं की दोघींतली एक उपाशी ऱ्हाती. पर मी अडाणी.

रडून घे, मग ये. मी हाय.

तुझी,
चंद्राकाकी

❖

मेढा,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काकींनी तुला लिहिलं, हे त्यांनीच मला सांगितलं. बरं झालं. मला जमलं नसतं. ताई, तुझ्या वेण्णाला मी परत आणू शकलो नाही. तुझ्यासमोर कसा उभा राहू, कळत नाही.

पण एक मागणं आहे. बारशाला वेण्णा हेच नाव घे. हिचे सगळे कागद त्या नावाचे आहेत. दुसरं नाव कुणाच्या कानावर गेलं, चौकशी लागली, तर हिला घेऊन जातील आणि परत त्या जहाजासारख्याच कुठल्यातरी ठिकाणी टाकतील. हिचं कुणी नाही. आणि हिला नेलं तर प्रियदर्शनी जगणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहून आलोय. तुझ्याकडून तुझ्या भाचीचं नाव काढून मागतोय, याची मला जाणीव आहे. तरी मागतो.

धाकट्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
विश्वजीत

❖

आटपाडी,
५ मार्च २०२५

ती. काकींस, सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. निघताना तुमच्याशी धड बोलले नाही, त्याचा राग धरू नका. सगळ्यांसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं.

मेढ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझं ठरत नव्हतं. विश्वजीतचं पत्र पर्समध्ये होतं, तुमचं वाक्य डोक्यात होतं. खरं सांगू? मी त्या पोरीचा राग राग करायचा ठरवून आले होते. माझ्या वेण्णाच्या जागी ही कोण आली, असं वाटायचं. आणि ती दहा वर्षांची घोडी डोक्याला कुंची बांधून पाळण्याच्या दोरीपाशी पाटावर बसलेली पाहिली, मुकाट, कुणी उठ म्हटलं तर उठून जाईल अशी, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी वाकले. तुम्ही समोर निरांजन घेऊन होतात, चार बायका माझ्या मागे उभ्या होत्या. मी कानाशी तोंड नेलं, तर तीच आधी माझ्या कानात बोलली. म्हणाली, "आत्या, ती तुझ्या मागं उभी आहे. नाव तिचं आहे, तिला विचार."

काकी, मला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठी हाव सुटली, की खरंच ती असावी. मी मागे न बघता, ओठांतल्या ओठांत विचारलं, "वेण्णा, देऊ का गं हिला?"

तेवढ्यात बायकांनी कुर्रर्र करत माझ्या पाठीत थापा मारायला सुरुवात केली. रीतच आहे. मोठमोठे हात, बांगड्या वाजत होत्या. आणि त्यांच्या खाली, कमरेच्या जरा वर, एक थाप लहान हाताची पडली. गार, पाण्यातून काढल्यासारखी. एकच. घरात दुसरं मूल नव्हतं, काकी. तुम्हाला ठाऊक आहे.

मग मी मोठ्यानं वेण्णा म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रियदर्शनीनं माझे पाय धरले. तुम्ही विचारलंत मी पांढरी का पडले. हे त्याचं उत्तर. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही, आणि आता त्याचाच पश्चात्ताप होतो आहे.

घुगऱ्या फार छान झाल्या होत्या. काकांना पथ्य पाळायला लावा.

तुमची,
संयोगिता

❖

मेढा,
१२ मार्च २०२५

चि. संयोगिता हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद तीनदा वाचला आन चुलीत घातला. घरात कुणाच्या हाती लागाय नगं.

हितलं समदं बेस हाय. बारशापासनं पोरगी पयल्या हाकंला ओ देती. भाकरी अर्धी सरकवत न्हाई, वर आनिक मागून घेती. काल मी मुद्दाम तिला देवळीतल्या गुळाचं इचारलं, तर कसला गूळ म्हणून माझ्याकडंच बगाय लागली. इसरली, समदं इसरली. आता तोडकंमोडकं बोलती, जशी परक्या मुलखातली पोर बोलंल तशी. विश्वजीत हसाय लागलाय. प्रियदर्शनीनं परवा पुरण घातलं. घराला घरपण आलं.

पर माझ्या जिवाला घोर लागलाय. हितनं ती गेली, ही गोष्ट चांगली. गेली कुठं? नाव देऊन टाकलंय तिनं. नाव न्हाई त्याला घर न्हाई, पिंडाला बोलवावं तरी कुणाला म्हणून? तुला काय येगळं जाणवलं तर लपवू नगंस. लगोलग ये. आपण दोघी माहुलीला जाऊ, गुरुजींना काय बी सांगू, आन तिला नीट वाटंला लावू. लेकराला असं मागं ठेवू ने, बाई. त्येचं भलं न्हाई आन ठेवणाऱ्याचंबी न्हाई.

एकटी हायस म्हणून जास्ती काळजी. उत्तर धाड.

तुझी,
चंद्राकाकी

❖

आटपाडी,
१८ मार्च २०२५

ती. काकींस, सा. न. वि. वि.

तुम्ही काळजी करू नका. माहुलीला जायचं नाही.

लपवू नकोस म्हणालात, म्हणून सांगते. त्या दिवशी परतीच्या एसटीत कंडक्टरनं मला न विचारता दोन तिकिटं फाडली. मी एकटीच आहे म्हटलं, तर त्यानं खिडकीच्या जागेकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि पुढे गेला. मी ती दोन्ही तिकिटं ठेवून घेतली.

आता दुपारी मी पडवीत डाळिंबं निवडायला बसते तेव्हा कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून बसतं. वजन असं फार नाही. ब्लाउज ओला होतो. आटपाडीचं हे ऊन, पंधरा मिनिटांत कपडा वाळतो इथं, आणि माझी पाठ संध्याकाळपर्यंत ओली असते. मी वळत नाही. वळले आणि कुणी नसलं तर मला सोसायचं नाही. मी नुसती बोलत राहते, शाळेतलं, बागेतलं, तिच्या लहानपणचं. भाकरी आता दोघींच्या पुरत्या करते. उपाशी झोपते अशी तक्रार होती ना तुमची? आता तसं होत नाही.

तुमचं म्हणणं मला समजतं. भलं नाही, हेही समजतं. पण आईबापांना दुसरं लेकरू मिळालं, त्या लेकराला घर मिळालं, सगळ्यांचं सगळं मार्गी लागलं, आणि हिनं आपलं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. तिला पुन्हा पाण्याच्या काठी नेऊन, जा म्हणून मी सांगू? माझ्याच्यानं होणार नाही, काकी. त्याची जी काही किंमत असेल ती मी देईन.

एकच अडचण आहे. बोलता बोलता हाक मारायला जाते आणि तोंडात जुनं नाव येतं, तेव्हा पाठीमागचं वजन झटकन नाहीसं होतं. ते नाव आता तिचं नाही. तेव्हा पुन्हा आत्याचंच काम आलं. बारशाला कुणाला बोलावणार नाही, पण पाठीत थाप मारायला एक तरी बाई हवी, तेवढ्यासाठी तुम्ही या. आणि एखादं चांगलं नाव सुचवून ठेवा.

उत्तर लवकर धाडा. आम्ही दोघी वाट पाहतो आहोत.

तुमची,
संयोगिता