कुणाच्या मातेचा दिवस

तीर्थस्वरूप आईच्या चरणी, गुडघे जेवढं वाकू देतात तेवढं वाकून नमस्कार.

इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत, निदान वरवर तरी. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "उत्तम" असंच सांगणार आणि तुझ्या शेजारणीकडून मला वेगळंच कळणार. (जिन्यावरून घसरलीस तेव्हाही "पायाला जरा विश्रांती देते आहे" एवढंच लिहिलं होतंस. आई, विश्रांती आणि प्लास्टर यांत फरक असतो.) अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे भिंग शोधायला नको. कागद म्हणशील तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आहे. कोरी बाजू टाकून द्यायचं मला अजून जमत नाही, आणि ते तू शिकवलंच नाहीस. पत्र घेऊन तुझा नातू आला म्हणून लगेच भुवया वर करू नकोस. त्याचं त्या बाजूला काम होतं, तेव्हा म्हटलं पोस्टाचं तिकीट तरी कशाला वाया घालवा.

तर, गेल्या रविवारी आमच्याकडे मातृदिन साजरा झाला. आईचा दिवस. त्या दिवशी मुलांनी आईला खुर्चीत बसवायचं, हातात फुलं द्यायची, स्वयंपाकघराकडे फिरकू द्यायचं नाही आणि तिच्या त्यागाबद्दल दोन शब्द बोलायचे, असा प्रकार असतो. सोमवारी भांडी जिथल्या तिथे असतात. इतकी वर्षं आमच्याकडे असलं काही नव्हतं. ह्या वर्षीच का, हा माझा पहिला प्रश्न. मी मॅट्रिक झालेली बाई आहे, कुणीतरी गोड बोलतं आहे म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढणाऱ्यातली नाही. उगाच कुणी कुणाला खुर्ची देत नाही, हे तुझंच वाक्य.

पाणी मुरायला लागलं होतं ते आधीपासूनच. आमचे चिरंजीव, ज्यांनी जन्मात स्वतःच्या चादरीची घडी केली नाही, ते एका सुट्टीच्या दिवशी फडकं घेऊन अडगळीच्या खोलीत शिरले. तिथे माझे रिकामे डबे, बरण्या, सुतळीचे गुंडे, खोक्यांचे पुठ्ठे असा पिढ्यांना पुरेल असा संसार नीट रचलेला होता. "आई, हे सगळं लागतं का गं?" असं त्याने विचारलं. ज्या घरात मुलगा आईला असा प्रश्न विचारतो त्या घरात काहीतरी शिजतं आहे, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. पाठोपाठ सुतार आला. कानामागे पेन्सिल, तोंडात खिळे, आणि माझ्याकडे बघणं असं की जणू मी लाकूड आहे. खोली मोजून झाल्यावर तो मला म्हणाला, "मावशी, जरा त्या खुर्चीवर बसता का?" मी बसले. त्याने टेप काढून जमिनीपासून माझ्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं आणि कागदावर टिपलं. कशासाठी म्हणून विचारलं तर खिळे तोंडात असल्याचं निमित्त करून नुसता हसला. दुसऱ्या दिवशी त्याने न्हाणीघराच्या भिंतीत धरून उठायची दांडी बसवली. तुझ्या जावयांना विचारलं, तर ते वर्तमानपत्राच्या आडून "मला काही माहीत नाही" म्हणाले. वर्तमानपत्र उलटं धरलेलं नव्हतं, पण पान कालचं होतं.

मी दोन आणि दोन चार केले. ह्यांना मी म्हातारी झाले असं वाटायला लागलं असून माझी रवानगी अडगळीच्या खोलीत व्हायची आहे, असा माझा पहिला निष्कर्ष होता. डबे गेले, आता डब्यांची मालकीण. पण मग आमची खोली कुणाला? हे कोडं सुटत नव्हतं. ते सूनबाईच्या फोनने सोडवलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आपल्या आईशी हळू आवाजात बोलत होती, आणि मी योगायोगाने दाराआड उभी होते. (योगायोग घडवून आणावे लागतात.) मला कानावर आलं ते असं: "पलंग खिडकीपाशीच ठेवू, त्यांना उजेड लागतो... नाही नाही, आईंना आत्ताच कळता कामा नये, मोडता घालतील." उजेड कुणाला लागतो? विहीणबाई दिवसभर भरतकाम करतात, त्यांना लागतो. म्हणजे सूनबाई आपल्या आईला कायमची इथे आणणार, हे लख्ख झालं. मातृदिन खरा, पण कुणाच्या मातेचा, ते कुणी सांगत नव्हतं.

विहीणबाई वाईट नाहीत, हे देवाला स्मरून सांगते. पण त्या नळ सोडून देऊन भांडी घासतात. एका खोलीतला दिवा चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जातात आणि तिथलाही लावतात. चार दिवस राहून गेल्या की माझी जमाखर्चाची वही महिनाभर त्यांचं नाव घेते. आणि दोन आयांना एक चूल पुरत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. देवापुढे बसून मी सगळं त्याच्या कानावर घातलं. देव काही बोलला नाही. घरातल्या भांडणात तो पडत नाही.

शत्रूची पूर्ण माहिती काढावी म्हणून मी वाचनालयात गेले. तिथल्या बाई चष्म्यावरून बघतात, पण विचारलं की सगळं सांगतात. त्यांनी पुस्तक काढून दिलं, आणि एवढंच सांगते की मूळ गोष्ट मला फार पटली. साता समुद्रांपलीकडे एक लेक होती. तिची आई गेली, तर तिच्या आठवणीत तिने हा दिवस सुरू केला आणि आईच्या आवडीची पांढरी फुलं वाटली. पुढे फुलवाल्यांनी भाव चढवले, दुकानदारांनी छापील कार्डं काढली. तर ही बाई एवढी खवळली की, कार्ड कसली पाठवता, आईला हाताने पत्र लिहायचा कंटाळा येतो का, असं म्हणून उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडत राहिली. शेवटी तर हा दिवसच रद्द करा म्हणून सह्या गोळा करत दारोदार हिंडली. स्वतः सुरू केलेली गोष्ट महाग झाली म्हणून बंद करायला निघणारी बाई माझ्याच जातकुळीची असणार.

पण वाचनालयातल्या बाईंनी त्याच्याही मागची एक गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या एका देशात फार पूर्वी, मोठ्या घरी कामाला राहिलेल्या पोरींना वर्षातल्या एका ठरावीक रविवारी मालकीण सुट्टी द्यायची. त्या पोरी वाटेत रानफुलं तोडत आपल्या आईकडे चालत जायच्या. हे ऐकलं आणि मी पुस्तक मिटलं. पुरावा हाती आला होता. म्हणजे हा सण मुळात आईचा नाहीच, लेकीचा आहे. सूनबाई शिकलेली, तिने हेच वाचलं असणार आणि त्याच्या आधारावर आपल्या आईचा पलंग खिडकीपाशी टाकते आहे.

रविवार उजाडला. मला खुर्चीत बसवलं आणि माझ्यादेखत माझ्या स्वयंपाकघराची लूट सुरू झाली. चिरंजीवांनी बटाटे सोलले तेव्हा साल कुठली आणि बटाटा कुठला हे ओळखायला दोन्ही उचलून बघावं लागलं. पातेलं लागलं. वास घरभर. मी जागेवरून उठले की सूनबाई "आई, तुम्ही बसा" म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मला ते "आता कायमच्या बसा" असंच ऐकू यायचं. दुपारी विहीणबाई आल्या. हातात पिशवी. पिशवी म्हणजे केवढी, एका दिवसासाठी जेवायला येणारं माणूस तेवढी आणत नाही. मी तुझ्या जावयांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी मीठ पुढे केलं.

जेवणं अर्ध्यावर आली आणि चिरंजीव उभे राहिले. "आई, आज तुला आम्ही एक भेट देणार आहोत. ती जी खोली रिकामी केली ना..." पुढचं मी बोलू दिलं नाही. भेट म्हणे. मीही उभी राहिले. सगळ्यांच्या देखत, देवाची शपथ घेऊन, शांतपणे सांगितलं, की ह्या घरात कुणाचीही आई बिऱ्हाड घेऊन राहायला येणार नाही. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं, बिऱ्हाड घेऊन नाही, हे माझ्या आईचं म्हणणं आहे आणि मी मरेपर्यंत ते पाळणार. (तुझं वाक्य वापरलं, क्षमा असावी. त्या वेळी दुसरं चांगलं सुचलं नाही.)

विहीणबाईंच्या हातातला घास हातातच. सूनबाई खाली बघत होती. आणि तुझे जावई, जे जेवताना कधी बोलत नाहीत, ते ताटातून मान न काढता म्हणाले, "झालं. आता सासूबाईंना काय तोंड दाखवायचं?"

मला आधी कळेचना, की ह्यात त्यांच्या सासूबाई कुठून आल्या. मग सूनबाई म्हणाली, "आई, खोली आजींसाठी आहे. तुमच्या आईंसाठी. त्या जिन्यावरून पडल्यापासून तुम्ही देवापुढे रोज काय मागता, ते ह्या घराच्या भिंती पातळ असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येतं." तुला आधी कळलं तर तू नाही म्हणणार, आणि मला कळलं तर मी तुला कळवणार, म्हणून दोघींपासून लपवलं. सुताराने माझे गुडघे मोजले कारण तुझे आणि माझे गुडघे एकाच मापाचे आणि एकाच आवाजाचे आहेत. पलंगावरून उठताना त्रास नको. उजेड तुला, भिंग घेऊन वाचतेस म्हणून. पिशवीत रजई होती, विहीणबाईंनी तुझ्यासाठी हाताने शिवलेली.

मी विहीणबाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या आता पिशवी उचलून निघतील. त्या म्हणाल्या, "मी कशाला येऊ बाई तुमच्याकडे राहायला? तुमच्याकडे नळ उघडायचा तर आधी अर्ज करावा लागतो." आणि हसायला लागल्या. मग सगळेच हसायला लागले. मी हसले नाही. मला भात वाढायचा होता, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले. कुणी "तुम्ही बसा" म्हणालं नाही.

संध्याकाळी एकटीच जाऊन खोली बघून आले. पलंगावर बसले, उठले, परत बसले. गुडघे बोलले नाहीत. खिडकीतून समोरच्या झाडाची वरची फांदी दिसते. देवासाठी कोनाड्यात एक फळी ठोकली आहे. माझे डबे माळ्यावर रचलेत, माझ्यापेक्षा नीट, हे कुणाला सांगू नकोस. बसल्या बसल्या त्या फुलं तोडत जाणाऱ्या पोरी आठवल्या. त्यांना सुट्टी मालकीण द्यायची. इथे मालकीण मी, आणि सुट्टी सुनेने दिली. एवढं करून तिला माझ्याकडून काय हवं असेल, ह्याचा मी अजून शोध घेते आहे. सापडलं की कळवीन.

बाकी सगळं क्षेम. पाय जपून टाक.

तुझी लेक

ता. क. हे पत्र तुला नुसतं घडलेलं कळावं म्हणून लिहिलं आहे. कार्डांवर खवळलेल्या त्या बाईने म्हटल्याप्रमाणे, आईला हाताने लिहावं, म्हणून. दुसरा हेतू नाही.

ता. क. दुसरा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे ह्या वयात शोभत नाही. आई, ये. देवाची शपथ घेतली त्याचं काय, असं तू पहिल्यांदा विचारशील. त्यावर मी देवापुढे बसून विचार केला आहे. शपथ "बिऱ्हाड घेऊन" अशी होती. तेव्हा तू बिऱ्हाड आणू नकोस. स्टोव्ह नको, पातेली नको, पोळपाट-लाटणं नको. कपडे, भिंग, जपमाळ आणि तू. एवढ्याला कुणी बिऱ्हाड म्हणत नाही.

ता. क. तिसरा. तुझ्या नातवाचं त्या बाजूला काहीही काम नव्हतं. तू वाचत असताना तो भिंतीकडे बघत उभा असेल, तसं मीच सांगितलं आहे. खाली गाडी आहे आणि गाडीत सूनबाई आहे. तुला जिन्यावरून धरून उतरवायला दोन माणसं लागतात.

ता. क. शेवटचा. लेकीच्या घरी पाहुणी म्हणूनच यावं, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पाहुणी म्हणूनच ये. फक्त एवढं आठव, पाहुण्याला कधी निघू द्यायचं ते घरच्या बाईने ठरवायचं, हेही तूच मला शिकवलं आहेस.