भरलेल्या घराचा आवाज

३ ऑगस्ट

न्याय, समता आणि मानवी प्रतिष्ठा यांना स्मरून नोंद करतो की, या घरातल्या न्हाणीघराला कडी आहे, पण ती बाहेरून. अंघोळ करणाऱ्याला कोंडून घालण्याची चोख सोय. त्याची लाज राखण्याची मात्र नाही. सुराबायाच्या पेपरात असतो तर यावर एक अख्खं सदर पाडलं असतं. पण एकदा साहेबांना माझा विनोद कळला आणि सदर बंद झालं. म्हणून तर जावाच्या या किनाऱ्यावरच्या गावात येऊन पडलो.

बाकी घर झकास. जाड भिंती, मागे विहीर. मालक को ग्वान यांनी भाडं इतकं कमी सांगितलं की घासाघीस करायचीही लाज वाटली. वरचा मजला बंद आहे. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतीत हात जाईल एवढी भोकं. तिथे पाकोळी पाखरांची वस्ती असते. त्यांच्या लाळेची घरटी सुपासाठी सोन्याच्या भावाने जातात. श्रीमंत माणसं थुंकीचं सूप भुरकतात आणि असभ्य आम्ही.

खरं सांगायचं तर घर भाड्यासाठी आवडलं नाही. पहिल्यांदा दाराशी उभा राहिलो तेव्हा आतून भरल्या घरासारखा आवाज येत होता, कुणी काम करता करता गुणगुणावं तसा. दार उघडलं तर चिटपाखरू नाही. पण तोवर मन बसलं होतं.

महिनाअखेरीस माझी लेक लारास येतेय. तिचं लग्न मोडलं, माझं सदर मोडलं. आता बापलेकीचं जमतं का बघू, असं ती फोनवर म्हणाली. जमवायचंच आहे. मला दुसरं कुणी नाही आणि तिलाही.

६ ऑगस्ट

गुणगुण सुरूच आहे. सूर एकच, खालचा, तोंड मिटून काढल्यासारखा. पोरीला आधीच झोप येत नाही, त्यात हा तंबोरा नको. म्हणून आज शोधमोहीम काढली. आधी पंप बंद केला, मग मेन स्विच पाडला, मग आंब्याच्या ढोलीत मधमाश्या शोधल्या. नाकाला एक मुंगळा डसला, एवढीच प्राप्ती. शेवटी भिंतींना कान लावत घरभर फिरलो. सगळ्या भिंती सारख्याच गुणगुणतात. जिन्याखाली जरा जास्त.

७ ऑगस्ट

शेजारच्या बू वार्सितींनी कुंपणावरून हटकलं. म्हणाल्या, अहो पाक ब्रोतो, तुम्ही लिहिणारे की गाणारे? आल्यापासून सूर लावून बसलाय! मी म्हटलं, मला वाटलं तुमच्याकडून येतोय. त्यावर त्या म्हणाल्या, आमच्याकडचा गाणारा केव्हाच मेला, आता फक्त घोरणारा उरलाय. घोरणारे आतून खाकरले.

मग त्यांनीच उलगडा केला. पाकोळ्यांच्या मजल्यावर कर्णे बसवतात आणि पाखरांच्या किलबिलाटाची कॅसेट लावून ठेवतात. वरून जाणाऱ्या पाखराला वाटतं, आत भरलं घर आहे. रिकाम्या घरात कोण शिरतं, सांगा? आत आल्यावर कळतं की कुणीच नाही. पण तोवर लाळ सुटलेली असते हो, म्हणाल्या, आणि लाळ सुटली की घर झालंच.

म्हणजे वरचं यंत्र बिघडून घरघरतंय. प्रश्न मिटला.

१० ऑगस्ट

को ग्वान आले. म्हणाले, यंत्र कधीच विकलं, पाकोळ्याही गेल्या. का गेल्या विचारलं तर म्हणाले, जागा पुरली नाही की पाखरू राहत नाही. किल्ली दिली. स्वतः वर येईनात; गुडघे धरलेत म्हणे. अंगणातून मात्र पोरासारखे टणाटण चालत आले होते.

वर टॉर्च घेऊन गेलो. कर्ण्यांच्या तारा तोडलेल्या. त्या अंधारात गुणगुण इतकी दाट की दात हलत होते. तुळयांच्या कोपऱ्यांत पांढरी घरटी, वाटीच्या आकाराची. पण वाटीएवढी नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसेल एवढी. एकात चष्मा चिकटलेला. एकातून वेणीचं टोक लोंबत होतं. दाराजवळचं एक अर्धवट होतं. हात लावला. ओलं.

खाली आलो तर को ग्वान निघून गेलेले.

११ ऑगस्ट

उशी भिजली होती. लाळ. डिंकासारखी. तीनदा चूळ भरली. वयाचा परिणाम असेल. बोटांच्या पेरांत पांढरे धागे वाळले आहेत. हा कसला परिणाम, माहीत नाही.

१३ ऑगस्ट

पिशवी भरून बसच्या थांब्यावर गेलो. दिवसभर ठीक. ऊन कललं तशी कानात शांतता दुखू लागली, दाढ दुखावी तशी. बस आली. माझा पाय पायरीवर होता, हे नक्की आठवतं.

मग मी याच दाराशी उभा होतो. हातात किल्ली. पिशवी नाही.

वरचं घरटं वाढलं आहे.

१४ ऑगस्ट

टेलिफोनच्या दुकानातून लारासला फोन लावला. येऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं. गुणगुण बाहेर पडली. माझ्या तोंडातून. थांबेना.

ती म्हणाली, बाबा, किती वर्षांनी तुम्हाला असं खुशीत ऐकतेय! महिनाअखेर कशाला, आज रात्रीच्याच बसने निघते. तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, घंटा वाजत राहिली.

बू वार्सितींनी तळलेल्या केळ्यांची ताटली आणून दिली. म्हणाल्या, दुकानातून कळलं, लेक येतेय. मग चेहरा असा एरंडेल प्यायल्यासारखा काय? मी तोंडावर हात धरून मान हलवली. उघडलं असतं तर—

१५ ऑगस्ट

फाटकावर कागद डकवला. आत येऊ नकोस. परत जा. तोंडात पंचा कोंबला आहे. घर रिकामं वाटलं पाहिजे. रिकाम्या घरात कोण शिरतं

आली.

कागद वाचून हसतेय. बू वार्सितींना सांगतेय, आमच्या बाबांचं हे असंच, जन्मभर असलंच लिहून पोट भरलं. लोक हसले नाहीत तर त्यांना जेवण जात नाही

आयुष्यात एकदा खरं लिहिलं गं—

त्या म्हणतात, चाहूल नाही, बाहेर गेले असतील, ये, चहा घे. जा. जा, पोरी. पंचा भिजून जड झाला आहे. धरून आहे

पावलं वळली

वरून. वर सुरू झालं. माझा आवाज. पंचा तोंडातच आहे, तरी माझाच

ती म्हणतेय, अहो काकू, घरातच आहेत, ऐका की

फाटक

वर जातो. दाराजवळचं ते घरटं पुरं झालं आहे, एकालाच पुरेल. तिच्या आधी मी बसलो तर जागा उरणार नाही, आणि जागा नसली की पाखरू— को ग्वान म्हणाले होते ना—

बू वार्सितींची ताटली धुऊन उंबऱ्यावर ठेवली आहे. रिकामी कशी परत करायची, म्हणून ताडगुळाचा खडा ठे